आम्हाला कपाटांपर्यंत जाऊ द्या

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन जवळ आला की तुमच्या पानावर एक ठरावीक पत्र येतं. लिहिणारे बहुधा निवृत्त शिक्षक असतात. आजची पिढी वाचत नाही, मोबाइलमधून डोकं वर काढत नाही, आम्ही मात्र कंदिलाच्या उजेडात वाचायचो, असा मजकूर असतो. यंदाही ते पत्र आलं आणि पाठोपाठ त्याला दुजोरा देणारीही आली. मी बी.ए. भाग तीनला आहे, विषय अर्थशास्त्र, आणि मी वाचते. पण ‘आम्ही वाचतो हो’ अशी साक्ष द्यायला मी हे लिहीत नाही. ‘वाचा, वाचा’ म्हणणाऱ्यांपैकी कुणीच एक साधी गोष्ट विचारत नाही, ती विचारायला लिहिते आहे. ज्या मुलीच्या घरात पुस्तकं नाहीत, तिला कोणतं पुस्तक मागायचं हे कळणार कुठून?

आमचं गाव गडहिंग्लज-आजरा रस्त्यापासून थोडं आत आहे. घरी ऊस, दोन म्हशी आणि बोलणारी माणसं भरपूर. छापील म्हणावं असं घरात काय, तर कालनिर्णय, आजीची शिवलीलामृताची पोथी, सेवा सोसायटीचा वार्षिक अहवाल आणि खताच्या पोत्यावरच्या सूचना. कालनिर्णयच्या मागच्या पानांवरचे लेख मी शाळेत असताना नवं वर्ष लागण्याआधीच संपवून टाकायची. आईवडिलांनी वाचायला कधी नको म्हटलं नाही. पण ‘हे वाच’ असं तरी ते काय म्हणून सांगणार? कंदिलाच्या उजेडात वाचणाऱ्या काकांना कुणी ना कुणी पुस्तक हातात दिलेलं असणार. ते ‘कुणी’ सगळ्यांच्या घरात नसतं.

आमच्या कॉलेजचं ग्रंथालय चांगलं आहे, हे आधी सांगते. पुस्तकं भरपूर आहेत. फक्त पुस्तकं आत आहेत आणि आम्ही बाहेर. मध्ये काउंटर, त्यावर जाळी, जाळीला एक खिडकी. बाहेरच्या बाजूला नोंदीची जाड रजिस्टरं आणि एक संगणक, जो बहुतेक वेळा बंदच असतो. पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव आणि दाखल क्रमांक चिठ्ठीवर लिहायचा आणि चिठ्ठी आत सरकवायची. थोड्या वेळानं आतून पुस्तक येतं, नाहीतर ‘नाही’ असं उत्तर येतं. ते कुणी नेलंय, हरवलंय, की जेवणाची सुट्टी जवळ आल्यामुळं शोधलंच नाही, हे बाहेरच्याला समजत नाही. साडी घ्यायला आलेल्या बाईला कुणी दुकानदार दाराबाहेर उभं करून ‘साडीचा नंबर लिहून द्या’ म्हणत नाही.

त्यामुळं पहिल्या वर्षी सगळे जी नावं लिहितात तीच मीही लिहायची: ‘मृत्युंजय’, ‘ययाती’, ‘श्यामची आई’. ऐकलेली नावं तेवढीच. (‘ययाती’ मी मोठ्या उत्साहानं नेली आणि निम्म्यावर थांबले. खांडेकरांना १९७४ चं ज्ञानपीठ मिळालंय, मराठीतलं पहिलं, हे ठाऊक असूनही सांगते, एवढी सजवलेली वाक्यं एकापाठोपाठ एक आली की मला धाप लागते.) बसस्टँडवरच्या स्टॉलवरही हीच नावं, आणि त्यांच्या शेजारी श्रीमंत कसं व्हावं, पहाटे कसं उठावं, मन कसं जिंकावं, अशी भाषांतरं. आमच्याकडं पहाटे उठायला पुस्तक लागत नाही, धारेची वेळ पुरते.

२०२५ च्या फेब्रुवारीत ‘छावा’ सिनेमा आला आणि आमच्या खिडकीसमोर रांग लागली. शिवाजी सावंतांच्या ज्या कादंबरीवर तो बेतलाय, तिच्यासाठी नंबर लावले होते. सावंत मूळ आजऱ्याचे, आमच्या शेजारच्याच तालुक्यातले, म्हणून थोडी ऐटही होती. एरवी ‘वाचत नाहीत’ म्हणून ज्यांच्या नावानं ओरड होते तीच मुलं त्या रांगेत होती. प्रती संपल्या की ती हात हलवत परत जायची. याच सावंतांनी विठ्ठलराव विखे पाटलांवर ‘लढत’ लिहिलंय. प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा करणारा माणूस त्यात आहे. कर्जात बुडालेले शेतकरी एकत्र आणायचे, त्यांच्याकडून भागभांडवलाचे पैसे जमवायचे आणि धनंजयराव गाडगिळांसारख्या अर्थतज्ज्ञाची साथ मिळवायची, असा तो सगळा खटाटोप. ज्यांच्या घरचं वर्षाचं गणित उसाच्या बिलावर बसतं, त्या आमच्या मुलांना हा विषय परका नाही. ते पुस्तक तेव्हा आत, ‘छावा’च्या रिकाम्या जागेपासून हाताच्या अंतरावर होतं. रांगेतल्या कुणालाही ते नुसतं दिसलं असतं, तरी दोघाचौघांनी उचललं असतं. ते तिथं आहे हे मला कसं कळलं, ते पुढे येईलच.

खिडकीच्या डाव्या अंगाला, जाळीच्या बाहेर, एक टेबल आहे. परत आलेली पुस्तकं आत आपापल्या जागी लागण्याआधी या टेबलावर पडून असतात. सगळ्या ग्रंथालयात आम्हाला हात लावायला मोकळी जागा एवढीच. माझं वाचन घडवलं ते या टेबलानं. कुणीतरी नेऊन परत केलेलं काहीही तिथं असतं: पशुसंवर्धनाचं हस्तपुस्तक, स्पर्धा परीक्षेचा ठोकळा, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’, एखादी रहस्यकथा. कुणाची शिफारस नाही, परीक्षेला काय येतं याचा संबंध नाही. उचलायचं, मधलं एखादं पान वाचायचं, आवडलं तर खिडकीवर नोंद करून न्यायचं.

तिथं मला आनंद यादवांचं ‘घरभिंती’ मिळालं. ते चार भागांच्या आत्मकथेतलं तिसरं पुस्तक आहे, हे घरी नेऊन वाचायला लागल्यावर कळलं. शिकून नोकरीला लागलेला मुलगा, मागं गावात खाणारी तोंडं, आणि प्रत्येक पगाराला फुटलेल्या दहा वाटा. माणसं सगळी आधीच ओळखीची असल्यासारखी येत होती, म्हणून मग चिठ्ठी लिहून पहिला भाग, ‘झोंबी’, मागवला. दुसरा, ‘नांगरणी’, अजून ‘नाही’मध्येच आहे.

‘झोंबी’ १९८७ चं. पु. ल. देशपांड्यांची प्रस्तावना आहे आणि १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कारही आहे, पण हे सगळं मी नंतर पाहिलं. कागल आमच्यापासून काही लांब नाही. तिथला एक पोरगा, त्याला शाळेत जायचंय, आणि बाप त्याला शेतातून हलू देत नाही. मायलेक मिळून गावातल्या दत्ताजीराव देसायांकडं जातात आणि त्यांच्या तोंडून बापाला समज देतात. शाळेत सौंदलगेकर नावाचे मराठीचे मास्तर भेटतात, ते कविता गाऊन शिकवतात, आणि हा पोरगा म्हशी राखता राखता स्वतःच्या कविता जुळवायला लागतो. कागद जवळ नसला की म्हशीच्या पाठीवर काडीनं ओळी लिहितो. आमच्या म्हशीच्या पाठीवर मी हे करून पाहिलं. अक्षर उमटतं, जरा वेळ राहतंही.

पण अर्थशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला अडवलं ते दुसऱ्याच एका जागेनं. बाप गुऱ्हाळ सगळ्यांच्या आधी सुरू करतो. त्याचा हिशेब असा, की बाकीची गुऱ्हाळं सुरू झाली की बाजारात गूळ मायंदाळ येतो आणि भाव पडतो, तेव्हा आपण आधी घालावा. गावातल्या बाकीच्या शेतकऱ्यांचा हिशेब वेगळा. ऊस जास्त दिवस उभा राहिला तर रस दाट होतो आणि गुळाचा उतारा वाढतो. भाव धरावा की उतारा धरावा? पुरवठा आणि किंमत यांच्यावर आमच्या पाठ्यपुस्तकात एक अख्खं प्रकरण आहे, आलेखांसकट. ते प्रकरण मला या अर्ध्या पानानं समजलं.

हा भाग मी आजीला वाचून दाखवला. आजीला वाचता येत नाही. पोथीसुद्धा ती ऐकते, वाचत नाही, पण पान कुठं उलटायचं ते तिला पाठ आहे. मला वाटलं होतं, ती शिकायला धडपडणाऱ्या पोराची बाजू घेईल. तिनं बापाची घेतली. ‘त्येचं बी खरं हाय की,’ म्हणाली, ‘पोरगं शाळंत गेल्यावर मोटंवर कोण जाणार, तुझा मास्तर?’ मग बाप गावभर हिंडतो आणि पोराला राबवतो हे वाचल्यावर तिनं त्यालाही सोडलं नाही. आमचं हे वाचन रात्री भाकऱ्या झाल्यावर पुष्कळ दिवस चाललं. शेजारच्या दोघी बायकाही येऊन बसायच्या. वाचनसंस्कृती रुजवायचा एखादा सरकारी उपक्रम असता तर या बैठकीचा फोटो निघाला असता.

आणखी एक गंमत. माझा मामेभाऊ सैन्यातल्या वडिलांच्या बदल्यांमुळं केंद्रीय विद्यालयांत शिकला, सगळं उत्तर भारतात. सुट्टीत आला तेव्हा माझ्या हातातलं पुस्तक बघून म्हणाला, हे तर आम्हाला बारावीला होतं. खरंच होतं. एनसीईआरटीच्या बारावीच्या हिंदी पुस्तकात ‘झोंबी’चा एक भाग ‘जूझ’ नावानं आहे. म्हणजे कागलचा आनंदा दिल्लीच्या पोरांना बाकावर बसल्या जागी भेटतो. कागलपासून एवढ्या जवळ राहणाऱ्या मला तो भेटला, तो टेबलावर कुणीतरी तिसरा भाग टाकून गेलं म्हणून.

आता ‘लढत’ मला कसं दिसलं ते. गेल्या उन्हाळ्यात मी ‘कमवा व शिका’मध्ये ग्रंथालयात काम केलं. ही योजना कर्मवीर भाऊराव पाटलांची, आमच्याच जिल्ह्यातल्या कुंभोजला जन्मलेल्या माणसाची. विद्यार्थ्यानं काम करावं आणि शिक्षणाचा खर्च भागवावा, हा तिच्यामागचा विचार. आम्हाला काम होतं पुस्तक पडताळणीचं: रजिस्टरमधला दाखल क्रमांक वाचायचा, कपाटात पुस्तक आहे का बघायचं, खूण करायची. फी भरून आत जाता आलं नव्हतं, रोजंदारीवर आले तेव्हा कुलूप उघडलं.

आत गेल्यावर समजलं की पुस्तकं नुसती ठेवलेली नसतात, लावलेली असतात. पुठ्ठ्यावर ८९१.४६ असा आकडा दिसला की मराठी साहित्य, पुढं ३ असला की कादंबरी. त्यातही लेखकाच्या आडनावाप्रमाणं. त्यामुळं खांडेकरांची लांबलचक रांग संपते आणि लगेच कृष्णात खोत येतात. त्यांचं ‘रिंगाण’ तिथं होतं, २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं. धरणात गाव गेलेली माणसं आणि मागं जंगलात राहिलेलं जनावर यांची ती कादंबरी. चित्री, आंबेओहोळ ही धरणं आमच्या बाजूला आहेत. ‘विस्थापित’ हा शब्द आम्हाला वर्तमानपत्रातून शिकावा लागलेला नाही. खोत पन्हाळ्याच्या बाजूचे. मला त्यांचं नाव त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं, आणि माहीत नसलेलं नाव चिठ्ठीवर लिहिता येत नाही.

खोतांच्या पलीकडं ‘ग’ सुरू होतो, तिथं राजन गवस. हे तर आमच्याच भागातले. त्यांचं ‘चौंडकं’ मी दुपारच्या सुट्टीत उभ्यानं वाचायला घेतलं. देवाला सोडलेल्या मुलीची गोष्ट आहे. मंगळवारी-शुक्रवारी आमच्या दारात जोगतीण येते, परडी घेऊन. लहानपणापासून बघतेय, पीठ घालायचं आणि आत जायचं. पुस्तक वाचल्यावर पहिल्यांदाच मी तिच्या हातातलं चौंडकं नीट पाहिलं, तार कुठं बांधलीय, कशानं छेडतात. दोन शब्द बोलले. तिनं तिच्या आईबद्दल सांगितलं, ते इथं लिहिणार नाही. मी त्या दिवशी सूपभर पीठ घातलं, तेव्हा आई म्हणाली, ‘हे पुस्तक आम्हाला महागात पडणार बघ.’

पडताळणीत दुसरीही एक गोष्ट बघितली. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी तारखांचे शिक्के मारायचा कागद चिकटवलेला असतो. कितीतरी पुस्तकांत तो कोरा होता. काहींवर शेवटचा शिक्का माझ्या जन्माच्या आधीचा. मी आकडे मोजले नाहीत आणि मोजले असते तरी छापायला दिले नसते, पण एवढं नक्की म्हणेन की ती पुस्तकं वाईट म्हणून पडून नव्हती. त्यांचं नाव बाहेर कुणाला ठाऊक नव्हतं, एवढाच त्यांचा गुन्हा.

मग जाळी का? हे मी आमच्या ग्रंथपाल बाईंना विचारलं. बाई मनापासून काम करणाऱ्या आहेत. त्या म्हणाल्या, पुस्तकं हरवतात. पानं फाडतात. पडताळणीत पुस्तक सापडलं नाही तर खुलासा मी द्यायचा, भरपाईचा विषय निघाला की बोट माझ्याकडं. तुमची कपाटं उघडून माझी पेन्शन का अडकवू? याच्यावर उपदेश करायला माझ्याकडं काही नव्हतं. ज्याच्या गळ्यात हरवलेल्या पुस्तकाचं लोढणं बांधलंय, तो कुलूपच लावणार. मीही लावलं असतं.

पण यावर तोड निघालेली आहे. सार्वजनिक वित्ताच्या अभ्यासासाठी केंद्र सरकारचे सामान्य वित्तीय नियम चाळत होते, २०१७ चे. त्यात नियम २१५ ग्रंथालयांच्या पडताळणीबद्दल आहे. तो म्हणतो, वर्षभरात वाचकांनी नेलेल्या किंवा तिथं बसून वाचलेल्या दर एक हजार पुस्तकांमागं पाच पुस्तकं गहाळ झाली तर ते नुकसान वाजवी समजावं, मात्र त्यात अप्रामाणिकपणा किंवा हयगय नसावी. एक हजार रुपयांपेक्षा महाग पुस्तक आणि दुर्मीळ पुस्तक हरवलं तर चौकशी झालीच पाहिजे. किती शहाणपणाचा नियम आहे! पुस्तक फिरणार म्हणजे थोडी हानी होणार, ती आधीच गृहीत धरायची आणि माणसाला भीतीतून मोकळं करायचं. यातली खुबी अशी की पाचाचा आकडा कपाटातल्या पुस्तकांवर नाही, फिरलेल्या पुस्तकांवर आहे. जितकी जास्त पुस्तकं वाचली जातील तितकी सूट वाढते. कुलूप लावून बसणाऱ्याला सूट शून्य. आमच्या कॉलेजला हा नियम लागू नाही, तो केंद्र सरकारच्या ग्रंथालयांसाठी आहे. पण व्यवस्थापन समितीला असा ठराव करायला कोण अडवतंय? शिवाय हरवलेलं पुस्तक आणि कधीच न उघडलेलं पुस्तक यांत वाचकाच्या दृष्टीनं फरक काय? पहिलं निदान कुणाच्या तरी घरी आहे.

दर १२ ऑगस्टला आमच्याकडं ग्रंथपाल दिन होतो. डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या प्रतिमेला हार घालतात, भाषणं होतात. मद्रासला गणित शिकवणारा हा माणूस १९२४ मध्ये विद्यापीठाचा ग्रंथपाल झाला आणि १९३१ मध्ये त्यानं ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. पहिला नियम: पुस्तकं वापरासाठी आहेत. त्या प्रकरणात त्यांनी युरोपात एके काळी पुस्तकं साखळदंडानं फळीला बांधून ठेवायचे त्याची हकीकत दिलीय. तिसरा नियम: प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. आणि तो वाचक मिळावा म्हणून पहिला उपाय कोणता, तर वाचकाला कपाटांपर्यंत मोकळं जाऊ देणं. आपल्याकडं याला मुक्तद्वार पद्धत म्हणतात. हार घालणाऱ्यांनी ते एक प्रकरण वाचलं असतं तर हार घालून झाल्यावर जाळीची किल्ली काढली असती.

हे काही परदेशातलं खूळ नाही. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेले सयाजीराव गायकवाड बडोद्याच्या गादीवर बसले, अमेरिकेत जाऊन तिथली ग्रंथालयं बघून आले, आणि १९१० मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणलं. वाचनालयं फुकट केली. जिथं वाचनालय नव्हतं तिथं लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून पाठवायची सोय केली. ग्रंथालयांवर इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांतलं नियतकालिक चालवलं. आमचं कोल्हापूरही मागं नव्हतं. ग्रंथालयांसाठी कायदा करणारं देशातलं पहिलं राज्य कोल्हापूर संस्थान, १९४५ साली. मद्रासचा कायदा त्यानंतर तीन वर्षांनी आला आणि महाराष्ट्राचा १९६७ मध्ये. त्या कायद्यात ग्रंथालयांसाठी वेगळा उपकर नाही, शेजारच्या कर्नाटकात आहे, यावर मोठी माणसं बरीच वर्षं भांडत आली आहेत. त्यांनी भांडावं. माझ्या मागणीला पैसे लागत नाहीत.

गावातल्या सार्वजनिक वाचनालयांचं थोडक्यात सांगते. तिथं आता अभ्यासिकेला मागणी आहे. टेबलांवर एमपीएससी आणि पोलीस भरतीची मुलं सकाळपासून बसतात, कादंबऱ्यांची कपाटं भिंतीला सरकलेली, त्यांच्यापुढं खुर्च्या, म्हणजे तिथंही हात पोचत नाही. माझा सख्खा भाऊ त्याच मुलांतला, त्यामुळं तक्रार कुणाबद्दल करू? उलट त्याच्यामुळंच मला बाबूराव बागूल मिळाले. त्याच्या एका मित्रानं यूपीएससीला मराठी साहित्य विषय घेतलाय, त्या अभ्यासक्रमात ‘जेव्हा मी जात चोरली होती’ आहे. ते पुस्तक आमच्या घरी मुक्कामाला आलं. १९६३ चं आहे ते. पहिली कथा वाचून मी पुस्तक मिटलं आणि दुसरी वाचायला आठवडा जाऊ दिला. भाऊ म्हणाला, यावर नोट्स काढ, मलाही उपयोगी पडतील. काढल्या नाहीत.

मोबाइलबद्दल बोलल्याशिवाय हे पत्र छापलं जाणार नाही, म्हणून तेही. मी मोबाइलवर वाचते. एसटीत अर्ध्या तिकिटात बसायला मिळतं, पण बसायला जागा मिळतेच असं नाही, आणि उभ्यानं एका हातात दांडी धरून जाड पुस्तक वाचता येत नाही. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची बरीच पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, विश्वकोश आहे. चोरून फिरणाऱ्या पीडीएफही येतात, त्या लेखकांच्या पोटावर पाय आणतात हे खरं. पण मोबाइलची एक खोड आहे. तो मी आधी जे बघितलं तसलंच पुन्हा दाखवतो. पशुसंवर्धनाच्या हस्तपुस्तकाशेजारी लक्ष्मीबाई टिळक तो कधी ठेवणार नाही. पुस्तकांवर रील करणारी मुलंमुली तीच दहा नावं फिरवतात, त्यांनाही बिचाऱ्यांना कपाट दिसलेलं नसणार.

तेव्हा माझं मागणं एवढंच. कॉलेजांनी आणि वाचनालयांनी जाळ्या एकदम काढू नयेत, आठवड्यातली एक दुपार तरी उघडाव्यात. दप्तरं बाहेर ठेवून घ्या, ओळखपत्र ठेवून घ्या, जाताना झडती घ्या हवी तर. आत कोण उभं राहणार असं विचाराल तर ‘कमवा व शिका’ची मुलं आहेत, त्यांना जागा पाठ असतात. तेही जमत नसेल तर ते परत आलेल्या पुस्तकांचं टेबल मोठं करा, आणि दर सोमवारी कपाटातली न नेलेली पुस्तकं त्यावर आणून टाका, कोणतीही, डोळे मिटून उचललेली चालतील. कॉलेजचा दर्जा तपासणारी नॅकची समिती यायची असते तेव्हा नवी पुस्तकं काचेत मांडतातच की. तेवढेच श्रम पडतील. आणि ज्या संस्थांना हिंमत असेल त्यांनी हजारी पाचाचा ठराव करून ग्रंथपालांना लेखी द्यावा. तुमच्या दैनिकानं जिल्ह्यातल्या कुठल्या ग्रंथालयांत वाचकाला कपाटांपर्यंत जाता येतं याची यादी एकदा छापली, तर ज्यांचं नाव यादीत नसेल ते आपोआप विचार करतील.

पत्राखाली माझं नाव छापू नये ही विनंती. आमच्या ग्रंथपाल बाई चांगल्या आहेत आणि हे त्यांच्यावर शेकू नये. पत्र लांबलंय, जागेअभावी कापावं लागलं तर माझ्या वाचनाचं आणि आजीचं कापा, नियम २१५ चा परिच्छेद मात्र ठेवा.

आपली,
बी.ए. भाग ३ ची एक विद्यार्थिनी
ता. गडहिंग्लज, जि. कोल्हापूर